रात्रीचा ब्रश कोणाच्या ड्युटीत? विदर्भातील बालगृहे आणि आश्रमशाळा चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
आयुक्त, महिला व बालविकास;
अपर आयुक्त, आदिवासी विकास, नागपूर व अमरावती;
विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांतील महिला व बालविकास अधिकारी, बालकल्याण समित्यांचे अध्यक्ष व सदस्य;
आणि बालगृहे, आश्रमशाळा व वसतिगृहांचे अधीक्षक, अधीक्षिका, गृहपाल

विषय : संस्थांत राहणाऱ्या मुलांच्या दातांची रोजची निगा

महोदय, महोदया,

दंत तपासणी शिबिर कसे होते हे आपणा सर्वांना पाठ आहे. बॅनर लागतो, मुले रांगेत तोंड उघडून बसतात, टॉर्च मारून दात पाहिले जातात, अर्धा तास भाषण होते, लहानशी ट्यूब आणि ब्रश हातात पडतो, फोटो निघतो. हेतू कोणाचाच वाईट नसतो. पण त्या दिवशी वाटलेले ब्रश पंधरा दिवसांनी कुठे असतात, आणि चिठ्ठीवर ‘दाढ भरून घ्यावी’ असे लिहून मिळालेल्या मुलांपैकी किती जणांची दाढ खरोखर भरली, हे विचारले की नोंद सापडत नाही.

घरात वाढणाऱ्या मुलाला झोपायच्या आधी कोणीतरी हटकते. आई, आजी, मोठी बहीण, कोणीही. संस्थेत स्वयंपाक कोणी करायचा, कामाठ्याने कधी झाडायचे, फाटकाला कुलूप कोणी लावायचे, हे सगळे ठरलेले असते. मुलाच्या तोंडात पाहण्याचे काम मात्र कोणाच्याच नावावर नसते. म्हणून या पत्रात मुख्य मागणी एकच आहे : रात्रीचा ब्रश ड्युटी-पत्रकात चढवा, वेळ आणि कर्मचाऱ्याचे नाव घालून. पुढे जे लिहिले आहे ते ही ड्युटी प्रत्यक्षात कशी निभवायची याबद्दल.

रात्रीच का? झोपेत लाळ फार कमी सुटते. दिवसभर लाळ दात धुत असते, आम्लाचा जोर कमी करत असते. रात्री ती मदत नसते. जेवणाचा चिकटा दातांवर तसाच राहिला तर सात-आठ तास जिवाणूंना मोकळे रान मिळते. सकाळी घासलेले दात दुपारपर्यंत बरे दिसतात, पण किडीचे खरे काम रात्री चालते. आणि नेमका रात्रीचाच ब्रश संस्थांत बुडतो. कारणे अगदी साधी आहेत. जेवण सातला होते, अभ्यासिका नऊपर्यंत चालते, नळ अंगणाच्या टोकाला असतो, तिथला दिवा गेलेला असतो, मेळघाटात किंवा भामरागडकडे अनेकदा वीजच नसते, हिवाळ्यात थंडीने कोणी बाहेर पडत नाही आणि उन्हाळ्यात टाकीत पाणी नसते. मुलांना ‘शिस्त नाही’ म्हणून यातले काहीही सुटत नाही.

सुटते ते जागा बदलल्याने. ब्रश नळावर न करता अभ्यासिकेतच करून घ्या. अभ्यास संपायला दहा मिनिटे असताना सगळ्यांनी आपापल्या जागी बसून दात घासायचे. थुंकायला दोन-तीन टिनाचे डबे, तळाला चार बोटे रेती किंवा चुलीतली थंड राख. पाणी प्रत्येकी अर्धा पेला, साधारण १०० मिलि. ५० मुलांना पाच लिटर पुरते, म्हणजे एक गुंडही लागत नाही. एवढे थोडे पाणी चालते, कारण घासून झाल्यावर खळखळून चुळा भरायच्याच नसतात. फेस थुंकायचा आणि थांबायचे. पेस्टमधले कीड रोखणारे फ्लोराइड दातांवर थोडे रेंगाळले तरच त्याचा उपयोग होतो. तीन-चार चुळा भरल्या की ते सगळे डब्यात जाते. आमच्याकडे लहानपणापासून तोंड ‘स्वच्छ’ धुवायची सवय असते, त्यामुळे ही गोष्ट मुलांपेक्षा मोठ्यांना पटवणे अवघड जाते. उरलेल्या पाण्याने ब्रश धुवावा. त्यानंतर फक्त पाणी प्यायचे. दूध, बिस्किट, गूळ काही नाही.

आता घासायचे कसे. सहा-सात वर्षांखालच्या मुलाचे मनगट नीट वळत नाही. त्याने घासले तरी वरवरचेच घासले जाते, म्हणून आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने हात लावायला हवा. एक काळजीवाहिका एका मुलाला दोन मिनिटे देते असे धरले तर दहा मुलांना वीस मिनिटे लागतात. एवढा वेळ ड्युटीत काढून ठेवा. मनुष्यबळ कमीच असते हे मान्य. तेव्हा आठवी-नववीच्या मुलामुलींकडे दोन-दोन लहानगी सोपवता येतात, पण ते ‘मदतनीस’, जबाबदार माणूस कर्मचारीच. मुलाला समोर उभे करून कधी घासू नये. त्याच्या मागे किंवा बाजूला बसावे, त्याचे डोके आपल्या हाताच्या कोपरात टेकवावे, बोटाने गाल बाजूला करावा. ब्रश हिरडीच्या कडेला तिरपा टेकवून छोटे गोल फिरवावेत, एका ठिकाणी आठ-दहा वेळा. बाहेरची बाजू, आतली बाजू, चावायची बाजू असा क्रम ठरवून घ्यावा, नाहीतर दररोज तीच जागा सुटते. उजव्या हाताने घासणाऱ्या मुलाची उजवीकडची आतली बाजू सुटते, हे कोणत्याही वर्गात पाहून घ्या. बीटचा तुकडा चावून चूळ भरायला लावली तर दातांवरचा चिकट थर लालसर उठून दिसतो. भाषणापेक्षा ही पाच मिनिटे जास्त शिकवतात.

याच वयात एक दाढ येते जिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. सहाव्या वर्षाच्या आसपास, शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, खाली-वर दोन्हीकडे चार कायमच्या दाढा उगवतात. त्यांच्या जागी आधी कोणता दात पडलेला नसतो, त्यामुळे सगळे त्यांना दुधाचीच दाढ समजतात आणि ‘पडून जाईल’ म्हणून किडू देतात. ती पडणार नसते. वरून ती महिनोन्‌महिने शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, म्हणून ब्रश समोरून सरळ सरकवला तर तिच्यावरून निघून जातो. तिथे ब्रश गालाच्या बाजूने आडवा, दाढांच्या ओळीला काटकोनात घालावा लागतो. पहिली ते तिसरीतल्या प्रत्येक मुलाच्या तोंडात या चार दाढा आल्या का, हे महिन्यातून एकदा पाहावे. खाचा खोल असतील तर सरकारी दंतवैद्याकडून त्या ‘सीलंट’ने बुजवून घेता येतात, दुखत नाही, इंजेक्शन लागत नाही.

साहित्याचा हिशोब. ५० मुलांच्या संस्थेचे उदाहरण घेऊ. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला मटाराच्या दाण्याएवढी पेस्ट, म्हणजे पाव ग्रॅम. त्याहून लहान असेल तर तांदळाच्या दाण्याएवढी. मोठ्या मुलांना अर्धा ग्रॅम धरा. दिवसातून दोनदा, ३० दिवस : सगळी मुले मोठी असतील तर महिन्याला दीड किलो, म्हणजे १०० ग्रॅमच्या १५ ट्यूब, सगळी लहान असतील तर त्याच्या निम्म्या. तेव्हा ५० मुलांची संस्था महिन्याला आठ ते पंधरा ट्यूब वापरायलाच हवी. साठा नोंदवहीत महिन्याला चार ट्यूब खर्ची पडलेल्या दिसत असतील तर मुले एकवेळच घासतात किंवा कोरडा ब्रश फिरवतात, हे समजायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही. तपासणी अधिकाऱ्यांना सुचवावेसे वाटते की मुलांना विचारण्याआधी ती नोंदवही उघडा.

ब्रश दर तीन महिन्यांनी बदलायचा. ५० मुलांना वर्षाला २००, शिवाय नव्याने दाखल होणारी मुले आणि हरवाहरवी धरून सव्वादोनशे. तीन महिन्यांच्या आधीच केस बाहेरच्या बाजूला फाकले तर मूल दाबून घासते आहे असे समजा, ब्रश बदला आणि हात शिकवा. नवीन मूल दाखल झाले की कपडे, अंथरूण देतात त्याच दिवशी ब्रश द्यावा. ‘पुढच्या वाटपाला मिळेल’ म्हटले की ते मूल दुसऱ्याचा ब्रश उचलते. उष्टा ब्रश वापरला की हिरडीतल्या रक्तावाटे आजार पसरू शकतात.

खरेदीत खरी चूक होते. सर्वांत कमी दराचे कोटेशन मंजूर होते आणि येतात कडक केसांचे मोठ्या डोक्याचे ब्रश आणि फ्लोराइड नसलेली पेस्ट. मागणीपत्रातच लिहा : ब्रश लहान डोक्याचा, ‘सॉफ्ट’, पेस्टमध्ये १००० पीपीएम (म्हणजे ग्रॅममागे एक मिलिग्रॅम) फ्लोराइड, आणि ते ट्यूबवर छापलेले असावे. आपल्याकडच्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याखालच्या नियमांनुसार पेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराइड ठेवता येत नाही आणि जितके आहे ते ट्यूबवर व खोक्यावर लिहावे लागते. त्यामुळे तपासणे सोपे आहे; ट्यूब फिरवून वाचायचे. औषधी वनस्पतींची चित्रे असलेल्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसते.

आणि पेस्ट आली तरी कपाटाची किल्ली कोणाकडे? संध्याकाळी सहाला भांडारपाल घरी गेला की रात्री पेस्ट मिळत नाही. आठवड्याची पेस्ट काळजीवाहिकेच्या ताब्यात द्यावी. आश्रमशाळांत साबण, तेल, पेस्ट या वस्तूंऐवजी रक्कम थेट खात्यावर जमा करण्याची पद्धत आली. ती जिथे चालू आहे तिथे आईबाप नसलेल्या मुलाचे खाते कोण चालवते आणि त्या रकमेतून खरोखर ब्रश आला का, हे गृहपालांनी नावानिशी पाहावे.

एकच ट्यूब सगळ्यांच्या ब्रशला टेकवत फिरवू नये, त्यामुळे एकाच्या तोंडातले दुसऱ्याच्या तोंडात जाते. स्वच्छ ताटलीच्या कडेने पेस्टचे ठिपके टाकावेत, प्रत्येकाने आपल्या ब्रशने एक ठिपका उचलावा. यात पेस्टही मापात राहते. ब्रश ओळखू यावा म्हणून दांड्यावर ऑइल पेंटने हजेरी क्रमांक घाला; मार्करची शाई आठवड्यात उडते. ठेवायला सुताराकडून दोन फळ्यांचा स्टँड करून घ्या : वरच्या फळीला दीड सेंटिमीटरची भोके, दोन भोकांमध्ये किमान पाच सेंटिमीटर अंतर, खालची फळी सलग. केस वर, एकमेकांना न टेकता, संडासापासून दूर, हवेशीर जागी, समोर पाली-झुरळांसाठी बारीक जाळी. प्लास्टिकच्या टोप्या नकोत, त्यात केस ओलेच राहतात.

राखुंडी, कोळशाची पूड, विटकरीचा भुगा, मीठ : या सगळ्यांनी दात पांढरे दिसतात आणि कवच घासले जाते. कडूनिंबाची किंवा बाभळीची काडी नीट चावून कुंचला करून वापरली तर चिकटा निघतो, हे खरे. तिला हिणवायचे कारण नाही, पण तिच्यात फ्लोराइड नसते आणि मुले ती हिरडीत खुपसतात.

आता पाणी. यवतमाळ, चंद्रपूर आणि विदर्भातल्या आणखी काही जिल्ह्यांच्या बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, हे आपल्या भूजल विभागालाही माहीत आहे. अशा गावांतून आलेल्या मुलांच्या पुढच्या कायमच्या दातांवर खडूसारखे पांढरे आडवे पट्टे, पुढे तपकिरी डाग दिसतात. हे डाग घासून जात नाहीत. ‘दात घासत नाही म्हणून पिवळे’ असे वर्गात सर्वांसमोर बोलणे तर पूर्ण चुकीचे; ते मूल तोंडावर हात ठेवून हसायला लागते. दात जबड्यात तयार होत असताना, साधारण आठव्या वर्षापर्यंत प्यायलेल्या पाण्याची ती खूण असते.

मग अशा ठिकाणी फ्लोराइडची पेस्ट द्यावी का? हा प्रश्न वारंवार येतो, म्हणून गणित मांडतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड ठीक, दुसरा स्रोत नसल्यास १.५ पर्यंत चालवून घेतात. समजा बोअरच्या पाण्यात ३ मिलिग्रॅम आहे आणि मूल दिवसाला एक लिटर पिते. पोटात गेले ३ मिलिग्रॅम. त्याच पाण्यात शिजलेली डाळ-भाजी वेगळीच. उलट १००० पीपीएमच्या पाव ग्रॅम पेस्टमध्ये पाव मिलिग्रॅम असते. दोन्ही वेळची सगळी पेस्ट गिळली तरी अर्धा मिलिग्रॅम, आणि मूल बहुतेक थुंकतेच. दोष पाण्याचा आहे, पेस्टचा नाही. पेस्ट बंद केली तर डाग जाणार नाहीत, कीड मात्र वाढेल. मापात द्या, थुंकायला शिकवा आणि पाणी बदला.

पाणी बदलणे म्हणजे उकळणे नव्हे. उकळल्याने पाणी आटते, फ्लोराइड तेवढेच राहते, म्हणजे त्याचे प्रमाण वाढते. आरओ संच फ्लोराइड काढतो, पण त्याचा पडदा वेळेवर बदलला नाही तर नावापुरताच उरतो. ‘अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिना’चे फिल्टर ठरावीक पाण्यानंतर पुन्हा ताजे करावे लागतात, ते कोणी करत नाही. जिथे जवळ फ्लोराइड कमी असलेली विहीर किंवा नळयोजना असेल तिथे पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी तेवढे तिथून आणावे. अंघोळ-धुण्याला बोअर चालते. संस्थेच्या प्रत्येक स्रोताचा नमुना वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, जिल्हा पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्यावा आणि अहवाल स्वयंपाकघराच्या दारावर लावावा. आठ वर्षांखालची मुले असलेल्या बालगृहांना पहिला क्रम, कारण त्यांचे दात अजून तयार होत आहेत.

गोडाबद्दल थोडे, आणि तेही मुलांना सांगायचे कमी, दात्यांना सांगायचे जास्त. वाढदिवस, पुण्यतिथी, पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, दिवाळी; गावातले, शहरातले लोक अनाथ मुलांसाठी बिस्किटांचे पुडे, चॉकलेट, केक घेऊन येतात. काही संस्थांत आठवड्यातून दोनदा केक कापला जातो. साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा तोंडात गेली हे दातांसाठी महत्त्वाचे असते; प्रत्येक वेळी वीस-तीस मिनिटे आम्लाचा हल्ला चालतो. मुठीत दहा गोळ्या देऊन मूल दिवसभर चघळत राहिले तर हा हल्ला संपतच नाही. आलेले गोड भांडारात जमा करावे आणि दुपारच्या जेवणाबरोबर एकदाच वाढावे. फाटकावर पाटी लावा : ‘या संस्थेला मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, केळी, संत्री, पेरू, फुटाणे, शेंगदाणे, अंडी चालतील.’ दाते रागावत नाहीत. त्यांना काय आणावे हेच कोणी सांगितलेले नसते. गोड सिरपचे औषध घेणाऱ्या मुलाला डोस झाल्यावर पाणी प्यायला लावा. रात्रीचा डोस ब्रशच्या आधी.

खर्रा. विदर्भात दातांबद्दल बोलायचे आणि खर्रा वगळायचा हे शक्य नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिला जातो, आणि सहावी-सातवीची मुलेही पानठेल्यावरून ‘काकांसाठी’ म्हणून आणतात. छत्तीसगडच्या सीमेकडून गुडाखूही (तंबाखूचा लगदा) येतो, आणि काही घरांत तो दात घासायचे मंजन समजूनच लहानांना दिला जातो. मंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली आहे. राज्यात गुटख्यावर बंदी आहे २०१२ पासून. बालन्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम शाळेजवळच्या ठेलेवाल्याला वाचून दाखवावे. नुसती सुपारीही निरुपद्रवी नाही. तिच्याने गालाची आतली त्वचा फिकट, ताठ होत जाते, तिखट लागले की आग होते आणि तोंड उघडणे कमी होत जाते. तपासणी सोपी : मुलाने स्वतःची तीन बोटे उभी करून पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. तीन बोटे मावत नसतील तर दंतवैद्याकडे. अर्थात रात्रीच्या ड्युटीवरचा कर्मचारी स्वतः खर्रा घोटत बसला असेल तर वरचे सगळे वाया जाते, हे अधीक्षकांनीच पाहायचे आहे.

आजार झाल्यावर काय, हा भाग बालकल्याण समित्यांसाठी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते आणि दातांची तपासणी त्यांच्या यादीत आहे. मात्र बालगृहात नुकतेच आलेले, अजून शाळेत नाव न घातलेले मूल त्यांच्या नजरेतून सुटते. अशा मुलांची नावे पथकाला आधी कळवावीत. पथकाने संदर्भ चिठ्ठी दिली की पुढचा रस्ता तुटतो. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातला दंतवैद्य कोणत्या वारी असतो हे माहीत नसते, पन्नास-साठ किलोमीटर गेल्यावर खुर्ची बंद असते, आणि दाढ काढायची म्हटली की संमतीवर सही कोणी करायची यावर मूल परत येते. सहीचा प्रश्न आधीच सोडवून ठेवा. दात भरणे, दात काढणे, मुळाची स्वच्छता अशा नेहमीच्या उपचारांना संमती देण्याचे अधिकार संस्थाप्रमुखाकडे असल्याचे लेखी पत्र समितीने प्रत्येक संस्थेला देऊन ठेवावे, त्याची प्रत मुलाबरोबर जावी. एका खेपेत चार-पाच मुले न्यावीत, आदल्या दिवशी फोन करून. आणि वैयक्तिक काळजी आराखड्यात दातांचे एक पान जोडा : वर-खाली दातांचे साधे चित्र, कोणता दात, काय सांगितले, कधी नेले, काय झाले. मूल दुसऱ्या संस्थेत गेले तर पान त्याच्याबरोबर जाईल. एरवी प्रत्येक बदलीत तपासणी पहिल्यापासून सुरू होते.

दूर भागांसाठी एक उपचार मुद्दाम मागून घ्यावा. ‘सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड’ हे ३८ टक्क्यांचे द्रावण किडलेल्या भागाला लावले की बहुतेक वेळा कीड तिथेच थांबते. ड्रिल नाही, सुई नाही, वीज नाही. २०२१ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. तोटा एकच : किडलेली जागा कायमची काळी होते. हे मुलाला आधी सांगा, लावल्यानंतर नाही. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय आणि वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे) व अमरावती इथली दंत महाविद्यालये, यांच्या सार्वजनिक आरोग्य विभागांना शिबिराऐवजी हे काम द्यावे : एका संस्थेत सहा महिन्यांनी पुन्हा यायचे, त्याच मुलांना पुन्हा पाहायचे, फ्लोराइडचे वार्निश (दातांवर लावायचा लेप) लावायचे.

रात्री दाढ ठणकली तर पॅरासिटामॉल, वजनाच्या किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. २० किलोच्या मुलाला २०० ते ३०० मिलिग्रॅम. सिरपच्या बाटलीवर पाच मिलित १२५ आहे की २५० ते वाचूनच मोजा. अॅस्पिरिन मुलांना द्यायची नाही, आणि गोळी दाढेत कोंबून ठेवायची तर कोणालाच नाही. तिथली त्वचा जळते. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली उतरली, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय. बाहेरून शेक देऊ नये. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलाच्या बाबतीत तर साधा पू झालेला दातही क्रायसिस, म्हणजे तीव्र वेदनांचा झटका, आणू शकतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडच्या संस्थांत अशी मुले असतातच. त्यांचे सिकलसेल कार्ड दंतवैद्याच्या हातात आधी द्यावे, जाताना पाणी भरपूर पाजावे, त्यांना उपाशी रांगेत बसवू नये.

कबड्डीत, पायरीवर पडून कायमचा पुढचा दात मुळासकट निघाला, तर तो पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला हात नाही. माती असेल तर दहा सेकंद पाण्याखाली धरायचा, घासायचा नाही. जमले तर लगेच त्याच खाचेत बसवून मुलाला रुमाल चावून धरायला लावायचे. नाही जमले तर थंड दुधाच्या पेल्यात टाकायचा आणि तासाच्या आत दंतवैद्याकडे. चिंधीत, कागदात गुंडाळून नेलेला कोरडा दात फार वेळ जिवंत राहत नाही. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

एक गोष्ट दातांपलीकडची आहे. या मुलांपैकी काहींवर मारहाण झालेली असते, काहींवर त्याहून वाईट. ज्याच्या तोंडावर कोणी हात दाबलेला आहे, ते मूल ब्रश जवळ आला की किंचाळते, आणि आपण त्याला हट्टी ठरवतो. अशा मुलाचे डोके मागून धरू नका. आधी ब्रश त्याच्या हातात द्या, मग तळहातावर फिरवून दाखवा, मग ओठांवर. हात वर केला की आपण थांबतो, हा नियम ठेवा आणि खरोखर थांबा. ‘ऐकले नाहीस तर डॉक्टर दात उपटेल’ ही धमकी एकदा दिली की पुढची पाच वर्षे ते मूल खुर्चीत बसत नाही. दाखल होताना तुटलेले पुढचे दात, वरच्या ओठाच्या आतला फाटलेला पडदा, टाळूवर न समजणारे लालकाळे डाग दिसले तर काळजीवाहिकेने मुलाची उलटतपासणी करू नये. अधीक्षकांना सांगावे, नोंद करावी. लैंगिक अत्याचाराचा संशय असल्यास पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मदतीसाठी १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

शिकवण्याचे साहित्य कोरकू, गोंडी, माडिया, कोलामीतही बोलले जावे. छापील तक्ते कमी आणि बोलणारी ताई जास्त, असे असावे. काळजीवाहक, स्वयंपाकी, कामाठी या सर्वांना एका दिवसाचे प्रशिक्षण पुरते. त्यात अर्धा दिवस एकमेकांचे दात घासून पाहण्यात जावा.

बालसंगोपन योजनेत आजी-आजोबांकडे, मामाकडे राहणारी मुलेही आपलीच आहेत. कापूसपट्ट्यातल्या कर्जबाजारी घरांतली अशी मुले कोणत्याच संस्थेच्या हजेरीत नसतात. त्यांच्या गृहभेटीच्या अर्जात दोन प्रश्न वाढवावेत : मुलाचा स्वतःचा ब्रश आहे का, आणि गाल कधी सुजला होता का.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनअखेरीस उघडतात. खरेदीचे आदेश एप्रिलमध्ये निघाले तरच पहिल्या आठवड्यात ब्रश मुलांच्या हातात पडतील. जूनमध्ये फाइल हलली तर पोळा येतो. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुटीत घरी जाणाऱ्या मुलाच्या पिशवीत ब्रश आणि एक ट्यूब घालावी. ज्यांना जायला घर नाही ती मुले सुटीत संस्थेतच असतात आणि कर्मचारी निम्मे रजेवर. त्या दिवसांच्या ड्युटी-पत्रकातही रात्रीच्या ब्रशसमोर नाव हवे.

आपले,
ग्रामीण विदर्भात मुलांच्या दातांचे काम करणारे दंतवैद्य, परिचारिका आणि काळजीवाहक